पाटी क्रमांक सात

नदीकाठच्या राज्य उद्यानात बारा पाट्या आहेत आणि त्या बाराही मी लिहिल्या आहेत. कुठल्याही पाटीवर माझं नाव नाही. ते मीच नको म्हटलं होतं. अभिलेख कार्यालयात जुनी कागदपत्रं लावण्यात माझी चौतीस वर्षं गेली, त्यामुळे कुठेच नाव नसण्याची सवय होती.

निवृत्तीनंतर सहा वर्षांनी उद्यानाच्या अधीक्षक बाई घरी आल्या. वयाने तरुण, पायात चिखलाने भरलेले बूट, ते दारात काढावेत की नाही म्हणून अडखळलेल्या.

"काका, या भागाचा इतिहास तुमच्याइतका कुणालाच माहीत नाही, असं सगळे म्हणतात."

"सगळे म्हणजे कोण?" मी विचारलं. खरंच विचारलं होतं, पण त्या हसल्या.

आतून ताईचा आवाज आला, "सगळे म्हणजे मी. मीच सांगितलं त्यांना परवा भाजी घेताना. आता मी चहा टाकतेय, तू हो म्हणून टाक."

ताई माझी मोठी बहीण, सात वर्षांनी मोठी. आई गेल्यावर मी तिच्या घरी राहायला गेलो तो कायमचाच. पुढे घर बदललं, भाड्याची पावती माझ्या नावावर आली, पण ती माझ्याकडे राहते की मी तिच्याकडे, हे ठरायचं राहूनच गेलं. मी लग्न केलं नाही, म्हणजे कुणाला विचारायचा धीर झाला नाही. तिचा संसार चार वर्षांचा. तो नदीत गेला.

उद्यान बघायला कधी गेलात, तर फाटकातून आत शिरल्यावर पहिली पाटी कागद गिरणीची लागेल. गिरणीच्या आता तीन भिंती आणि एक धुराडं उरलंय. धुराड्यात पाकोळ्या राहतात. संध्याकाळी त्या शेकड्यांनी आत उतरतात, तेव्हा धूर उलटा आत चालल्यासारखा दिसतो. हे वाक्य आधी पाटीवर होतं. पाटीवर उपमा शोभत नाही म्हणून मी ते खोडलं. आता वाटतं, ठेवायला हवं होतं. पुढे पुराचा खांब आहे. त्यावर प्रत्येक मोठ्या पुराची रेघ कोरलेली आहे. सगळ्यात वरची रेघ माणसाच्या दीडपट उंचीवर आहे, तिच्याखाली हात वर करून लोक फोटो काढतात. मग झुलता पूल. त्यावर एका वेळी दहाच जणांनी जायचं असतं आणि दहाच जण कधीच नसतात. पक्षी बघायचा मनोरा, हंसाच्या आकाराच्या पायडलच्या होड्या, आणि दोन्ही बाजूंच्या झाडांनी वरून मिटलेली एक लांब वाट, जिच्यात दुपारी बाराला गेलं तरी संध्याकाळचे पाच वाजल्यासारखं वाटतं. गिरणी बंद पडल्यावर तीसेक वर्षं इकडे कुणी फिरकलं नव्हतं. तेवढ्या काळात रानाने आपलं आपण सगळं परत घेतलं. सरकारने फक्त कुंपण घातलं.

सातवी पाटी नदीच्या धक्क्यावर आहे. तिथून नाव सुटायची. या तीरापासून त्या तीरापर्यंत तारेचा जाड दोर ताणलेला असे, नाव एका कडीने त्याला अडकवलेली असे आणि नावाडी दोर हातांनी ओढत ओढत नाव पलीकडे नेई. गिरणीचे कामगार रोज असेच जायचे-यायचे. नावाडी म्हणजे माझे दाजी, ताईचा नवरा.

पाट्यांचं काम हाती घेताना मी एक नियम घातला होता. पाटीवरच्या प्रत्येक विधानाला दोन स्वतंत्र पुरावे हवेत, त्यातला एक तरी लेखी हवा, आणि ज्याचा त्या गोष्टीशी घरचा संबंध आहे त्याची साक्ष पुरावा धरायची नाही. अधीक्षक बाईंना हा नियम इतका आवडला की त्यांनी तो टाइप करून कार्यालयाच्या भिंतीवर लावला. नियम चांगलाच होता. त्याच्यामुळे पाट्यांवरून राणीच्या नाहण्याचा डोह गेला, गिरणीतलं भूत गेलं, आणि एका पुढाऱ्याच्या आजोबांनी लावलेलं झाडही गेलं.

त्या नियमाने सातवी पाटी अशी झाली: "या धक्क्यावरून अनेक वर्षे दोराची नाव चालत असे. एका पावसाळी संध्याकाळी दोर तुटून नाव उलटली व नऊ जण बुडाले. नावेची क्षमता बारा असताना पंधरा माणसे घेतली होती. नावाड्याच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला, असा निष्कर्ष चौकशी समितीने काढला. त्यानंतर नाव कायमची बंद झाली."

पुरावे दोन. चौकशीचा अहवाल आणि त्या आठवड्याचं वर्तमानपत्र. वर्तमानपत्राने अहवालावरूनच छापलं होतं, म्हणजे खरं तर पुरावा एकच. पण ते मी स्वतःला कळू दिलं नाही.

पाट्या लागल्या आणि त्यातलाच मजकूर असलेली पुस्तिका छापून आली. मी ती घरी आणली. ताईला काचबिंदू होता. कडेकडेचं दिसणं आधीच गेलं होतं आणि मधला बटणाएवढा एक गोल उरला होता. भिंग घेऊन ती खिडकीशी बसली आणि एकेक पाटी मोठ्याने वाचू लागली. मध्येच मला टोमणेही चालू होते. "अबब, 'वनस्पतिवैविध्य'! हा शब्द त्या हंसाच्या होडीत तरी बसेल का रे?" सहावीपर्यंत असं चाललं. सातवी ती मनात वाचू लागली. मला भिंग ओळीवरून सरकताना दिसत होतं. शेवटाला गेलं, परत मागे आलं आणि एका जागी थांबलं.

"कागद्या," ती म्हणाली. लहानपणापासून घरात माझं हेच नाव. "ही तूच लिहिलीस?"

"अहवालात होतं तसं दिलंय."

"अहवाल कोणी लिहिला ते मला माहितीय. समितीतल्या त्या तिघांतला एकही जण कधी नावेत बसला नव्हता. मी विचारतेय, तू लिहिलीस?"

"हो."

"आणि अर्ज? अर्ज कुठे गेला?"

अर्जाचं सांगायला हवं. त्या वर्षी पावसाळ्याआधी दोराचे पीळ सुटू लागले होते. दाजी हातांनी दोर ओढणारे, तुटलेल्या तारा त्यांच्या तळव्यात घुसायच्या. संध्याकाळी ताई दारातल्या उजेडात त्यांचा हात मांडीवर घेऊन सुईने तारा काढत बसायची. दाजींनी बांधकाम खात्याच्या माणसाला दोनदा तोंडी सांगितलं. मग एका रविवारी मला म्हणाले, "चल, तू शिकलेला, लिही. साहेब, दोर म्हातारा झालाय."

"असं नसतं लिहायचं, दाजी. 'दोर जीर्ण झाला असून' असं लिहितात."

"बरं, जीर्ण. पण साहेबाला कळेल ना?"

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. दोन प्रती काढल्या. एक द्यायची आणि दुसरीवर शिक्का मारून परत आणायची. त्या शिक्क्याच्या प्रतीला पोच म्हणतात. दाजींनी दोनदा बजावलं, पोच घेतल्याशिवाय येऊ नकोस. कार्यालयात टेबलामागे बाबू नखं कापत शेजारच्याशी बोलत होता. मी बराच वेळ उभा होतो. त्याने वर न बघता म्हटलं, "ठेव तिथे." मी ठेवला. दोन्ही प्रती ठेवल्या. एवढंच म्हणायचं होतं, साहेब, पोच द्या. दोन शब्द. ते घशाशी आले आणि तिथेच बसले. मी तसाच बाहेर पडलो. घरी येऊन सांगितलं, पोच नंतर देणार आहेत.

सत्ताविसाव्या दिवशी दोर तुटला. पंधरा माणसं घेतली होती हे खरं आहे. पाऊस वाढत होता, शेवटची फेरी होती, आणि काठावर राहिलेल्या तिघांना दाजी नाही म्हणू शकले नाहीत. पण दोर शाबूत असता, तर पंधरा माणसं पलीकडे गेली असती. आधी कितीदा गेली होती. बुडालेल्या नऊंमध्ये दाजीही होते.

चौकशीत ताईने उभं राहून सांगितलं, दोराबद्दल आम्ही अर्ज दिला होता. समितीने विचारलं, पोच? ताईने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हरवली.

त्यानंतर लोकांच्या तोंडी ती बुडव्याची बायको झाली. नळावर ती गेली की बायका बादल्या उचलायच्या. तिने इस्पितळातल्या चादरी शिवायचं काम धरलं आणि सव्वीस वर्षं केलं, कारण तिथे मान खाली घालून बसता येत असे. हे ती स्वतःच सांगायची आणि हसायची.

तर त्या दिवशी खिडकीशी मी तिला म्हटलं, "ताई, अर्जाला पुरावा नाही."

"तू आहेस की. तुझ्या हाताने लिहिलास."

"मी घरचा. घरच्यांची साक्ष धरत नाहीत. नियम आहे."

"कुणाचा नियम?"

तिने पुस्तिका मिटली, भिंग तिच्यावर ठेवलं. "मला अजून बटणाएवढं दिसतंय. ते आहे तोवर तेवढी एक पाटी बदल. मला माझ्या डोळ्यांनी वाचायचीय. दुसरं काही मागत नाही तुझ्याकडे."

खरंच तिने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

मी माझ्या जुन्या कार्यालयात गेलो. बांधकाम खात्याच्या आवक नोंदवह्या कधीकाळी मीच तिथे लावल्या होत्या. आलेला प्रत्येक कागद त्या वहीत चढतो. तो महिना सापडला, ते पान सापडलं, तारीखही सापडली. त्या दिवशी सात कागद आले होते. आमचा त्यात नव्हता. मी पुढची पानं पाहिली, मागची पाहिली, मग सगळा महिना पुन्हा पाहिला. मला अर्जावरचा शाईचा डाग आठवत होता, बाबूच्या नखाचा तुकडा टेबलावरून उडालेला आठवत होता. वहीत मात्र काही नव्हतं. आणि वहीत नाही म्हणजे झालं नाही, हे चौतीस वर्षं मीच लोकांना सांगत आलो होतो. तिथल्या बाकावर बसल्या बसल्या मला खरोखर शंका आली, की मी त्या दिवशी आत तरी गेलो होतो का.

घरी आलो तेव्हा ताई मटार सोलत होती. तेवढं तिला बोटांनी जमायचं. मी समोर बसलो.

"ताई, पोच हरवली नव्हती. मी मागितलीच नव्हती."

ती सोलत राहिली. "माहितीय."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. दारातून आलास तेव्हा तुझे कान लाल झाले होते. लहानपणापासून तुझं तसंच. खोटं बोललास की कान आधी बोलतात." एक शेंग रिकामी निघाली, ती तिने बाजूला टाकली. "तुझ्या दाजींना म्हटलं मी, याला परत पाठवू का? तर म्हणाले, राहू दे, पोराला लाज वाटेल."

मी विचारलं, "चौकशीत का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? माझ्या भावाला लाज वाटते म्हणून सांगू? एक गेलाच होता, दुसऱ्याला कशाला बुडवू?" तिने ताटली पुढे सरकवली. "हे उचल आणि आत ठेव. आणि आता रडत बसू नकोस, लिहायला बस."

मी लिहिलं. पोच मागितली नाही हेही लिहिलं. चार पानं झाली, खाली सही केली. ताईने आपलं म्हणणं सांगितलं, ते वेगळ्या कागदावर घेतलं, तिचीही सही घेतली. अधीक्षक बाईंनी दोन्ही कागद उभ्याउभ्याच वाचले. मग खाली बसून पुन्हा वाचले.

"काका, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण मजकूर बदलायचा तर मुख्यालयाची मंजुरी लागते. आणि ते..." त्यांनी भिंतीकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. भिंतीवर माझा नियम होता. त्याला आता काचेची चौकट केली होती.

तरी त्यांनी प्रस्ताव पाठवला. तीन महिन्यांनी उत्तर आलं, विचाराधीन आहे. आम्ही स्मरणपत्र पाठवलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आलेल्या पत्रात एक ओळ जास्त होती: मूळ अर्जाची पोच असल्यास सोबत जोडावी.

बटणाची टाचणी झाली आणि एका सकाळी टाचणीही गेली. ताईने ते मला दोन दिवस सांगितलं नाही. चहाचा कप तिने टेबलाच्या कडेबाहेर ठेवला तेव्हा मला कळलं. त्यानंतर हिवाळ्यात तिचं हृदय थकत गेलं. पाय सुजले, दम लागू लागला. डॉक्टरांनी आठवडाभर ठेवून घेतलं आणि मग घरी न्यायला सांगितलं. ते कशासाठी, हे आम्हा दोघांनाही समजलं.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "पाटीचं काय झालं रे?"

"लागली," मी म्हणालो.

कान तापले. तिला आता ते दिसत नव्हते.

तिचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. म्हणाली, "मग ने मला."

मी म्हटलं, दम लागेल. म्हटलं, थंडी आहे. म्हटलं, उद्यान दुरुस्तीसाठी बंद आहे. एकामागून एक, मला न शोभणाऱ्या सफाईने. ती म्हणाली, "फाटकापर्यंत तरी ने. बंद असलं तर बंद."

बंद नव्हतं. फाटकापाशी बॅटरीवर चालणारी उघडी गाडी असते, तिच्यात मी ताईला हात धरून बसवलं, पायांवर शाल घातली. गाडीवाला गप्पिष्ट होता.

"आजी, सगळ्या पाट्या दाखवू की निवडक?"

"मला दिसत नाही रे बाबा."

"मग तुमचं काही बिघडत नाही. इतकं बारीक लिहिलंय, डोळे असणाऱ्यांनाही दिसत नाही. कोण शहाण्याने लिहिलंय कुणास ठाऊक."

ताई इतकी हसली की तिला ठसका लागला. "ऐकलंस ना, शहाण्या?"

धक्क्यावर तिला उतरवलं. आभाळ सकाळपासून भरलेलं होतं, नदी पत्र्यासारखी करडी दिसत होती. पलीकडच्या काठावर दोर बांधायचा दगडी खांब अजून उभा आहे. ताईने पाण्याच्या दिशेने तोंड केलं आणि थोडा वेळ तशीच थांबली. मग म्हणाली, "वाच."

मी पाटीसमोर उभा राहिलो. पाटी तीच होती. मी तिच्याकडे बघत, तिच्यावर नसलेलं वाचू लागलो. "या धक्क्यावरून अनेक वर्षे दोराची नाव चालत असे. दोर जीर्ण झाला असल्याचे नावाड्याने अपघाताच्या एक महिना आधी लेखी कळवले होते. त्याची दखल घेतली गेली नाही. दोर तुटून नाव उलटली व नऊ जण बुडाले. प्रवाशांना वाचवण्याचा प्रयत्न करताना नावाडीही गेला."

शेवटचं वाक्य तर मला माहीतही नव्हतं. ते कुठून आलं, सांगता येत नाही.

"पुन्हा एकदा वाच," ताई म्हणाली.

मी पुन्हा वाचलं. मध्यावर आल्यावर लक्षात आलं, की आता मी "पावसाळ्यापूर्वी अर्ज दिला होता" असं म्हणालोय. मघाशी दुसरे शब्द होते. जन्मभर शब्दन् शब्द ताडून बघणारा मी, आणि दोनदा तेच वाचता आलं नाही. मी कसाबसा शेवटाला पोहोचलो.

ताईने हात पुढे केला. "तुझ्या दाजींचं कुठे लिहिलंय, तिथे माझं बोट ठेव."

पाटीवर दाजी एकाच शब्दात आहेत. चौथ्या वाक्याच्या सुरुवातीला. "नावाड्याच्या." पुढचा शब्द "निष्काळजीपणामुळे". मी तिचं बोट धरलं आणि त्या पहिल्या शब्दावर ठेवलं. छपाई सपाट होती, बोटाला काही लागण्यासारखं नव्हतं. तरी ती त्यावरून बोट फिरवत राहिली, हलक्या हाताने, पूर्वी त्यांच्या तळव्यात तार कुठे आहे ते चाचपायची तसं. मधूनच बोट पुढच्या शब्दावर सरकायचं. मी ते धरून पुन्हा मागे आणायचो. पाटीवर धूळ होती. तेवढा एक शब्द लख्ख झाला.

"गार आहे पत्रा," ती म्हणाली.

त्यानंतर ती अकरा दिवस होती. त्या अकरा दिवसांत तिने पाटीचा विषय एकदाही काढला नाही. दाजींबद्दल बोलली, आईबद्दल बोलली, गाडीवाल्याचं बोलणं आठवून दोनदा हसली. तिला माझं वाचणं खरं वाटलं असेल, असं मी स्वतःला सांगून पाहतो. पाटी अजून तीच आहे. मुख्यालयाला माझं पाचवं पत्र गेलं आहे. भिंतीवरची चौकट मी अधीक्षक बाईंना काढायला सांगितली, त्यांनी ती काढून माझ्या हातात दिली. घरी ती भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे.

पण त्या दिवशी धक्क्यावरून गाडीकडे वळताना ताई थांबली. माझ्या दंडावरचा हात तिने वर नेला, खांद्यावरून मानेपर्यंत, आणि माझा कान चाचपला. दोन बोटांत धरून ठेवला, लहानपणी पिरगाळायला धरायची तसा. पिरगाळला नाही. तिची बोटं बर्फासारखी होती, त्यामुळे माझा कान किती तापलाय ते मलाही कळलं.

"ऊन लागलं वाटतं तुला," ती म्हणाली.

आभाळ भरलेलं होतं. मी म्हटलं, हो.